रिकाम्या बाकांचे क्रीडाप्रेम

अमेरिकेतील सहा महिन्यांचा मुक्काम आटोपून २०२४च्या सप्टेंबरअखेर आम्ही उभयता इंदूरला परतलो. भेटीस येणाऱ्या प्रत्येकाने ठरल्यासारखा एकच प्रश्न विचारला, ‘नायगारा पाहिला ना?’ आम्ही नाही म्हटले. ‘मग सहा महिने केले तरी काय?’ बेसबॉलचे तेवीस सामने पाहिले, हे उत्तर ऐकून बैठकीत काही क्षण कोणी बोलेना. अखेर एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी चहाचा पेला खाली ठेवून निकाल दिला, ‘अहो, मुलाने एवढा खर्च करून नेले आणि तुम्ही खेडोपाडी विटीदांडू पाहत हिंडलात! खेळच पाहायचा तर उत्तम तेवढा दूरचित्रवाणीवर दिसतो की!’

या निकालात दोन आक्षेप आहेत. बेसबॉल हा पोरखेळ आहे, हा पहिला. तो आम्ही हसून सोडून देतो, कारण क्रिकेट न समजणारा अमेरिकन माणूसही आपल्या खेळाविषयी असेच बोलतो. दुसरा आक्षेप मात्र सोडून देण्यासारखा नाही. उत्तम ते घरबसल्या दिसत असताना लहान गावाच्या लहान संघासाठी उन्हातान्हात जाणे हा वेडेपणा होय, असे तो म्हणतो. आमच्या मते बृहन्महाराष्ट्रातील आपल्या जुन्या घराण्यांचा हा आता जवळजवळ सर्वमान्य विचार झाला आहे. तो चुकीचा आहे, आणि आपल्या घरच्या मैदानांची जी कळा झाली आहे तिला तोही कारणीभूत आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम त्या खेळाची व्यवस्था थोडक्यात सांगितली पाहिजे. अमेरिकेतील सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे मेजर लीगमध्ये, तीस संघ आहेत. हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. एवढ्या काळात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर. परदेशी पाहुण्याला तेथे सामान्यतः सहा महिने राहू देतात. हंगामही तेवढाच. आमचा नातू म्हणाला, ‘आजोबा, सरकारने व्हिसा बेसबॉलसाठीच दिला आहे.’

या तीस संघांच्या खाली मायनर लीगच्या चार पायऱ्या आहेत : ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. मोठ्या संघाचा प्रत्येक पायरीवर एकेक पाल्य संघ असतो, म्हणजे एकूण १२०. खेळाडू आणि प्रशिक्षक यांचा पगार मोठा संघ देतो. मैदान, तिकिटे, जाहिराती आणि खाद्यपदार्थ हा स्थानिक मालकाचा व्यवहार. सामने मंगळवार ते रविवार रोज एक, तेही त्याच पाहुण्या संघाशी, आणि सोमवारी सुटी. तिकीट दहा-पंधरा डॉलरांचे. मुलाचे बिऱ्हाड नॉर्थ कॅरोलिनातील कॅरी या गावी असल्याने दोन तासांच्या टापूत या उतरंडीच्या अनेक पायऱ्या आम्हांस पाहता आल्या.

तेवीसपैकी अकरा सामने आम्ही डरहमला पाहिले. तेथील ‘बुल्स’ हा ट्रिपल-ए संघ. डरहम हे एके काळचे तंबाखूचे शहर, आणि संघाचे नावही ‘बुल डरहम’ या तंबाखूवरून आलेले. १९८८च्या त्याच नावाच्या चित्रपटाने हा संघ देशभर प्रसिद्ध केला. १९९५ साली बांधलेल्या आजच्या मैदानात सुमारे दहा हजार माणसे बसतात. डाव्या सीमेवरील उंच भिंतीवर एका बैलाची पाटी आहे. चेंडू बैलाला लागला तर फलंदाजाला मांसाचे जेवण, आणि बैलाच्या पायांखालच्या गवताला लागला तर नुसती कोशिंबीर, असे तिच्यावर लिहिले आहे. शाकाहारी असल्याने आमच्या सौभाग्यवती नेहमी गवताच्या बाजूने.

डरहमच्या खेळाडूंचे आयुष्य आम्हांस फार ओळखीचे वाटले. चाळीस वर्षांच्या सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम संध्याकाळी हाती पडावा आणि दुसऱ्या दिवशी बिस्तरा बांधावा, हे आम्ही मध्य प्रदेशाच्या अनेक जिल्ह्यांत अनुभवले आहे. येथेही तेच. मंगळवारी ज्याचा खेळ पाहावा तो गुरुवारी वरच्या संघात गेलेला असतो. दोन आठवड्यांनी तोच मान खाली घालून परत येतो. अंतर मात्र एका पायरीचे दिसत असले तरी भलतेच मोठे. २०२४ साली मेजर लीगमधील किमान वार्षिक वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होते. सिंगल-ए खेळाडूला २०२२पर्यंत वर्षाला सुमारे ११ हजार डॉलर मिळत. खेळाडूंची संघटना झाली आणि २०२३च्या पहिल्या सामूहिक कराराने ही रक्कम २६,२०० डॉलरांवर गेली. तेव्हा या व्यवस्थेला आम्ही रामराज्य म्हणत नाही. तिच्यातील अन्याय तिच्याच खेळाडूंनी न्यायालयात आणि वाटाघाटीत मांडले आहेत.

आम्हांस कौतुक वाटले ते प्रेक्षकांचे. आज बाकावर बसून ज्याला टाळ्या द्यायच्या, तो उत्तम खेळला तर उद्या गाव सोडून जाणार, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तरी ते येतात. त्यांचे प्रेम खेळाडूवर नसून संघाच्या सदऱ्यावर आणि गावाच्या नावावर असते. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे प्रेक्षागार उभे राहते आणि १९०८ सालचे एक गाणे म्हणते. सामना हरत असला तरी म्हणते.

किन्स्टन हे गाव कॅरीहून दोन तासांच्या आत-बाहेर. तेही तंबाखूच्या व्यापारावर वाढलेले आणि त्या व्यापाराबरोबर ओसरलेले. तेथील ग्रेंजर स्टेडियम १९४९चे. साधी लाकडी-लोखंडी बांधणी, चार हजारांच्या आसपास जागा. येथे ‘वुड डक्स’ नावाचा सिंगल-ए संघ खेळे. आम्ही गेलो ते त्याचे अखेरचे वर्ष होते. संघ एका गुंतवणूकदार कंपनीने विकत घेतला होता आणि २०२५पासून तो साउथ कॅरोलिनातील स्पार्टनबर्ग येथे नव्या मैदानात जाणार हे आधीच जाहीर झाले होते. या एका कंपनीच्या हाती आज १२०पैकी चाळीसहून अधिक संघ आहेत.

किन्स्टनच्या तीन सामन्यांत आमच्या शेजारच्या बाकावर तेच एक वृद्ध गृहस्थ भेटले. मांडीवर पुठ्ठा, त्यावर स्कोअरकार्ड आणि कानावर पेन्सिल. आम्हांस नोंद करण्याची पद्धत त्यांनी शिकवली. पिचर एक, कॅचर दोन, पहिला बेस तीन, दुसरा चार, तिसरा पाच, शॉर्टस्टॉप सहा आणि बाहेरचे तिघे सात, आठ, नऊ. शॉर्टस्टॉपने उचललेला चेंडू दुसऱ्या बेसवरून पहिल्यावर गेला आणि दोघे बाद झाले, तर ६-४-३ एवढेच लिहायचे. बॅट फिरवून चुकलेल्याला सरळ के, नुसता पाहत राहून बाद झालेल्याला उलटा के. फायलींवर आयुष्य घालवलेल्या माणसाला अशा टिपणाची गोडी लागली नाही तरच नवल. सामन्याचा तक्ता छापण्याची पद्धत रुजवणारे हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्लंडचे आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर होते, हे पुढे कळल्यावर तर परकेपणा उरलाच नाही.

‘पुढील वर्षी काय करणार?’ असे आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘मंगळवारी संध्याकाळी कुठे जायचे ते ठरवायचे आहे.’ एवढेच बोलून त्यांनी पुढच्या फलंदाजाचे नाव लिहिले.

या गावावर ही पाळी पूर्वीही आली होती. येथला पूर्वीचा ‘इंडियन्स’ संघ २०११च्या हंगामानंतर विकला गेला आणि रॅलेजवळच्या झेब्युलन गावी ‘मडकॅट्स’ या नावाने खेळू लागला. झेब्युलनला आम्ही पाच सामने पाहिले. पुढे २०२५चा हंगाम झेब्युलनचाही शेवटचा ठरला, आणि तो संघ विल्सनला नव्या मैदानाकडे निघाला. किन्स्टनकडून झेब्युलनला मिळाले ते झेब्युलनपासून विल्सनने घेतले. जे गाव नवे मैदान बांधून देईल त्याच्याकडे संघ जातो, असा हा हिशेब आहे. २०२०पर्यंत मायनर लीगमध्ये मोठ्या संघांशी जोडलेले १६० संघ होते. त्या वर्षी साथीमुळे हंगामच झाला नाही, आणि २०२१ साली दारे उघडली तेव्हा १२०च उरले होते. चाळीसहून अधिक गावांची नावे यादीतून गेली. बर्लिंग्टन हे त्यांपैकी एक. तेथे आता उन्हाळ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा संघ खेळतो. आम्ही एक सामना पाहिला. लोक तेथेही आले होते, आणि सातव्या डावात तेथेही उभे राहिले.

नायगारा न पाहिल्याबद्दल ज्यांना हळहळ वाटते त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, तो धबधबा पुढील वर्षीही तेथेच असणार आहे. किन्स्टनचा संघ नाही.

यावर कोणी म्हणेल, हे तर तुमच्याच म्हणण्याविरुद्धचे उदाहरण झाले. किन्स्टनचे लोक जात होते, तरी संघ गेलाच. मग जाण्याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सोपे उत्तर नाही. मोठ्या शहरांचीही तीच कथा आहे. ब्रुकलिनचा संघ १९५७च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला गेला. वॉशिंग्टनने १९६० आणि १९७१ अशा दोन वर्षांअखेर दोन संघ गमावले, आणि २००५ साली त्याला संघ परत मिळाला तो माँट्रियलचा. बाल्टिमोरच्या सुंदर मैदानात आम्ही दोन सामने पाहिले. तो संघही १९५४ साली सेंट लुईसहून आलेला. तेव्हा प्रेक्षकाच्या निष्ठेने मालकाचा हात धरला जातो, असा दावा आम्ही करीत नाही.

परंतु न जाण्याने काय होते, तेही पाहावे. ओकलंडच्या संघाचे मालक म्हणत की लोक मैदानात येत नाहीत. लोक म्हणत की चांगले खेळाडू विकून टाकल्यावर आम्ही काय पाहायचे? लोकांचे म्हणणे खरे होते. पण रिकाम्या बाकांची छायाचित्रे मालकाच्या बाजूने बोलत होती. जून २०२३मध्ये चाहत्यांनी बहिष्काराच्या उलट मोहीम काढली. ठरवून एका दिवशी सत्तावीस हजारांहून अधिक लोक आले आणि ‘संघ विका’ असा घोष केला. उशीर झाला होता. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील अखेरचा सामना झाला, त्याला शेहेचाळीस हजारांवर लोक होते. आम्ही तो परतीच्या सामानाची बांधाबांध करीत दूरचित्रवाणीवर पाहिला. तो संघ २०२५पासून सॅक्रॅमेंटोच्या एका मायनर लीग मैदानात पाहुण्यासारखा राहतो आहे आणि पुढे लास व्हेगासला जाण्याचा त्याचा बेत आहे. निरोपाला शेहेचाळीस हजार आले. ऐन हंगामातल्या कुठल्याशा बुधवारी ते आले असते तर, हा विचार आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

याउलट न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर पाहा. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सेंट लुईसच्या मोठ्या संघाने तेथील ‘रेड विंग्ज’वरून हात काढून घेतला. तेव्हा मॉरी सिल्व्हर नावाच्या एका स्थानिक व्यापाऱ्याने पुढाकार घेतला आणि १९५७ साली गावकऱ्यांनी समभाग विकत घेऊन संघ आपल्या मालकीचा केला. तो आजही रॉचेस्टरमध्येच आहे. नुसत्या प्रेमाने संघ वाचत नाही. प्रेमाला हजेरीची, आणि हजेरीला काही हक्काची जोड लागते. पण जेथे हजेरीच नाही तेथे हक्क मागायला उभे राहणार कोण?

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या समाजात होळकर संघाचा अभिमान कोणाला नाही? कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावे आपण लेकरांना शुभंकरोतीबरोबर शिकवतो. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला, हे आपल्याला पाठ असते. १९४६-४७चा अंतिम सामना होळकर आणि बडोदा यांच्यात बडोद्याला झाला. त्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हरलो आपण डावाने आणि वर चारशे धावांनी, पण ती हारही इंदूरची माणसे ऐटीत सांगतात, आणि आमचे बडोदेकर वाचक तर साहजिकच त्याहून ऐटीत. आमचे वडील यशवंत क्लबच्या मैदानाच्या कडेला भाकरी बांधून घेऊन दिवसभर बसत. ते बसत, म्हणून आज सांगायला काही आहे.

आपण काय करतो? मध्य प्रदेशाने २०२२च्या जूनमध्ये बंगळुरूला मुंबईस हरवून प्रथमच रणजी करंडक जिंकला. होळकरांच्या शेवटच्या करंडकानंतर एकोणसत्तर वर्षांनी! प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, म्हणजे १९९८-९९चा अंतिम सामना त्याच बंगळुरूला कर्णधार म्हणून हरलेला माणूस. त्या दिवशी आपल्या सर्वांच्या भ्रमणध्वनींवर अभिनंदनाचे संदेश खणखणले. त्या संघाचा एक तरी सामना प्रत्यक्ष पाहिलेले किती जण त्यांत होते? आम्ही स्वतः नव्हतो. हे दूषण देताना आमचे नाव आम्ही वगळत नाही.

परतल्यावर नोव्हेंबर २०२४मध्ये आम्ही होळकर स्टेडियमवर बंगालविरुद्धचा सामना चारही दिवस पाहिला. दुखापतीमुळे वर्षभर दूर राहिलेला महंमद शमी त्यात परत आला होता. चौथ्या डावात मध्य प्रदेशाला ३३८ धावा हव्या होत्या, आणि संघ ३२६वर बाद झाला. अकरा धावांनी सामना गेला. असा शेवट पाहायला माणूस आयुष्यभर मैदानात जातो. आमच्या आसपासच्या बाकांवर बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती. आपल्या मंडळातले ओळखीचे असे एकही घर आम्हांस दिसले नाही. त्याच संध्याकाळी एका घरी क्रिकेट कसे बिघडले यावर दोन तास चर्चा झाली.

कोणी म्हणेल, अमेरिकेत मैदाने चांगली, सोयी चांगल्या. होळकर स्टेडियम ग्रेंजर स्टेडियमपेक्षा मोठे आणि चांगले आहे. खर्चाचा प्रश्नही नाही, कारण रणजी सामन्याला बहुतेक ठिकाणी तिकीटच नसते. कोणी म्हणेल, वेळ नाही. आमचे वाचक बहुधा निवृत्त आहेत, त्यांना हे म्हणता येणार नाही. कोणी म्हणेल, रणजीत मोठे खेळाडूच नसतात. हा खरा आजार आहे. २०२५च्या जानेवारीअखेर दिल्लीला विराट कोहली बारा वर्षांनंतर रणजी खेळला, तेव्हा सकाळपासून दारावर रांगा लागल्या. तो सहा धावांवर त्रिफळाचीत झाला आणि लोक उठून चालू लागले. सामना शिल्लक होता, दिल्लीचा संघही तोच होता. उठून गेलेल्यांना आम्ही माणसाचे चाहते म्हणू. खेळाचे नाही, आणि आपल्या शहराचे तर मुळीच नाही. किन्स्टनमध्ये आम्ही याच्या नेमके उलटे पाहिले.

हा विचार क्रिकेटपुरता थांबत नाही, हे सुज्ञांस सांगायला नको. ‘उत्तम ते पुण्या-मुंबईचे, आणि ते घरबसल्या मिळते’ याच तर्काने आपली गावोगावची मराठी वाचनालये आणि हौशी नाट्यमंडळे ओस पडली. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा. येथे एकच मागणे मांडतो.

येत्या रणजी हंगामात आपल्या शहरी जे जे सामने होतील, त्यांच्या चार दिवसांची मंडळाने आपसांत वाटणी करावी. प्रत्येक सभासदाने एक दिवस घ्यावा, डबा घ्यावा, आणि शक्य तर नातवंड बरोबर घ्यावे. इंदूरकरांनी होळकर स्टेडियमवर जावे, बडोदेकर आणि हैदराबादकर यांनी आपापल्या मैदानावर. चार सामन्यांनंतर तीस माणसे एका जागी नियमाने बसलेली दिसली, तर क्रिकेट संघटनेकडे सावली, पिण्याचे पाणी आणि ज्येष्ठांसाठी वेगळी जागा मागायला आपणांस तोंड राहील. आज ते नाही.

ज्यांना कंटाळ्याची भीती वाटते त्यांनी पेन्सिल आणि वही आणावी. किन्स्टनच्या त्या गृहस्थांनी दिलेली कोऱ्या तक्त्याची प्रत आमच्याजवळ आहे. तिच्यावरून क्रिकेटसाठी एक तक्ता आम्ही आखला आहे, आणि त्याच्या पन्नास प्रती काढून मंडळाच्या कचेरीत ठेवल्या आहेत.